पंख्याच्या पात्यांमधून

ती गन चालत नाही, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मराठी मंडळातल्या लोकांना सांगितलं, गाडीचं ऑइल बदलणाऱ्यालाही सांगून झालं. नळीत धातू ओतून ती कायमची बंद केली आहे. गोळी झाडणारा आतला भाग काढून टाकला आहे. तिच्यात काडतूस घालायचं म्हटलं तरी घालता येणार नाही. समोरचा माणूस हे सगळं शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि विचारतो, "पण लोडेड नसते ना?" तिथे मी हात टेकतो.

व्हर्जिनियातल्या आमच्या हर्नडनहून पश्चिमेला तासभर गाडी हाकली की घरं विरळ होतात, घोड्यांची कुरणं लागतात आणि एका जुन्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याचं हँगर दिसतं. ते आमचं संग्रहालय. शाळांच्या बसगाड्या रांगेनं उभ्या असतात तसलं मोठं सरकारी नव्हे. आमच्याकडे थोडी जुनी विमानं आहेत, काहींची नुसतीच इंजिनं आहेत, कायम बिघडलेलं एक कॉफीचं मशीन आहे आणि फुकट राबणारे आम्ही निवृत्त म्हातारे आहोत. निवृत्त म्हणायचं ते आपलं बरं दिसावं म्हणून. मला कंपनीनं एका सकाळी व्हिडिओ कॉलवर निवृत्त केलं. माझ्याबरोबर आणखी बऱ्याच जणांना केलं, आणि कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद पडला. हर्नडनमध्ये असे लोक आता गल्लोगल्ली आहेत. काही जण गोल्फ शिकतात, काही भगवद्गीतेच्या ऑनलाइन क्लासला बसतात. मी गन दुरुस्त करायला लागलो.

त्याला कारण आहे. कोड लिहिण्याच्या धंद्यात यायच्या आधी मी पुण्याला एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर होतो. हाताला तेल लागल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, हा रोग मला तिथून लागला. इथे आल्यावर सगळी हयात स्क्रीनपुढे गेली. केलेलं काम हातात धरून दाखवता येईल असं काही राहिलंच नाही. मुलगी लहान असताना शाळेत वडिलांचं चित्र काढायला सांगितलं होतं, तर तिनं खुर्चीत बसलेला पाठमोरा माणूस काढला. बाईंनी त्याला तारा दिला होता. बायकोनं कौतुकानं ते फ्रिजवर लावलं, आणि मी दूध काढायला गेलो की माझीच पाठ मला दिसायची.

आता गनबद्दल. ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे, विमानांना दोन मजली पंख असायचे आणि वैमानिकाचं डोकं उघड्यावर असायचं त्या काळातली. तेव्हा मशीनगन वैमानिकाच्या अगदी समोर, इंजिनाच्या वर बसवत. मागचा भाग त्याच्या हाताशी असे, कारण या गन सारख्या अडकायच्या आणि त्या माणसाला विमान चालवता चालवता खटका ओढून अडकलेलं काडतूस काढावं लागायचं. पण गन अशी समोर बसवली म्हणजे तिच्या नळीपुढे काय येतं? विमानाचा स्वतःचाच पंखा. तो भिरभिरत असताना त्याच्या दोन पात्यांच्या मधून गोळ्या गेल्या पाहिजेत, आणि एकही गोळी पात्याला लागता कामा नये. लागली तर पातं तुटणार आणि वैमानिक आपल्याच गोळीनं खाली येणार.

यासाठी जे यंत्र असायचं ते माझ्याकडे आलं होतं. इंजिनाबरोबर फिरणारा एक कॅम, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेली पोलादी चकती. उंचवटा वर आला की तो एका तारेला धक्का देतो, तार एका लांब नळीतून गनपर्यंत जाते आणि 'आता सोड' असा निरोप पोचवते. पातं गनच्या नळीसमोर असलं की निरोप जात नाही. पातं सरकलं की जातो. ना बॅटरी, ना सेन्सर. हे ज्यांनी पाटीपेन्सिलीच्या जमान्यात जमवलं त्यांच्यापुढे मी मनातल्या मनात अनेकदा टोपी काढली आहे.

आमच्याकडे अख्खं विमान नव्हतं. होतं ते फक्त नाक. एका लोखंडी स्टँडवर इंजिन, त्याच्यापुढे लाकडी पंखा आणि वर ती गन. कॅम गंजलेला, तार तुटलेली, मधले दोन भाग गायब. संग्रहालयाच्या प्रमुख बाई माझ्याच वयाच्या आहेत, बोलायला तुटक आणि कामाला कडक. त्यांनी मला तो ढीग दाखवला आणि म्हणाल्या, "जमलं तर बघ." मला तेवढं पुरलं.

दोन वर्षं गेली त्यात. गायब भाग मी जुन्या चित्रांवरून पुन्हा बनवले. पहिला केला तो बसेना, दुसरा बसला तर हलेना. तार कधी लांब झाली, कधी आखूड. एक स्प्रिंग मी इतक्या वेळा गुंडाळली की स्वप्नातही गुंडाळत होतो. घरी चिडचिड, तिथे चिडचिड. बुधवारी सकाळी मी डबा भरायला लागलो की बायको म्हणायची, "निघालात का माझ्या सवतीकडे?" मी उत्तर देत नसे. दिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणात तिची बाजू बळकट होती.

शेवटी एका शनिवारी ते जमलं. गोळी झाडणाऱ्या भागाच्या जागी मी स्प्रिंगचा एक छोटा हातोडा बसवला होता, निरोप पोचल्याचा आवाज यावा म्हणून. मी पंखा हातानं फिरवला. पातं नळीसमोरून गेलं, आणि ते पुरतं सरकल्यावर वर 'टक्' झालं. पुन्हा फिरवला. पुन्हा टक्, बरोबर त्याच जागी. हँगरमध्ये कुणी नव्हतं. मी एकटाच खुळ्यासारखा पंखा फिरवत आणि हसत उभा होतो.

तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी लपवत नाही. माझ्या मुलीनं हे बघावं. मी बनवलेली, हात लावता येईल अशी एक वस्तू तिनं एकदा डोळ्यांनी बघावी. बाकी कुणी नाही बघितलं तरी चालेल.

ती काही बघायला तयार नव्हती. दोन वर्षांत एकदाही आली नव्हती. ती दुसरीच्या वर्गाला शिकवते, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहते. तिला मी फोन केला आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हणालो, "अगं, झालं एकदाचं. ये ना शनिवारी."

"बाबा, आय ॲम नॉट कमिंग टू सी अ गन."

"गन नाही गं. गनच्या मागचं यंत्र."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

आता फरक काय ते समजावून सांगायची माझी हौस दांडगी. मी कॅम सांगितला, तार सांगितली. ती ऐकत होती की तिकडे वह्या तपासत होती कोण जाणे. मग मी मला फार चतुर वाटलेलं वाक्य टाकलं. म्हणालो, "हे बघ, गोळी झाडणं हे माझ्या यंत्राचं काम नाही. माझं यंत्र गोळी थांबवतं. पातं समोर असलं की ते गोळी सुटूच देत नाही."

मला वाटलं, पटलं.

"पातं कोणाचं?" तिनं विचारलं.

"म्हणजे? त्याच विमानाचं."

"म्हणजे जो शूट करतोय त्याला काही होऊ नये म्हणून."

"हो, पण..."

"आणि बाकीच्यांना लागली तर चालेल."

इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं तिचं म्हणणं अगदी बिनचूक होतं. मला राग आला तो त्याचाच. मी म्हणालो की ही शंभरीला टेकलेली वस्तू आहे, इतिहास आहे, तुला दर गोष्टीत तुमच्या बातम्यांतलंच का दिसतं? ती म्हणाली, "बाबा, आज आमची ड्रिल होती. आय कान्ट डू धिस टुडे." आणि फोन ठेवला.

ड्रिल म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची रंगीत तालीम. इथे सगळ्याच शाळांत होते. आपल्याकडे कवायतीचा तास असायचा तशी ही त्यांच्या वेळापत्रकातच आहे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. ड्रिल झाली की दोन दिवस तिचा आवाज उतरलेला असतो हे मला माहीत होतं. पण माझं यंत्र आणि तिची ड्रिल यांचा संबंध काय, हे मला पटत नव्हतं. बायकोला मी तावातावानं म्हणालोही की या मुलांना सगळ्या बंदुका सारख्याच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिला सारख्या वाटत असतील तर तुम्ही कशाला फरक शिकवत बसता?" घरात कुणी आपल्या बाजूचं नसलं की माणूस मंडळाकडे वळतो. मी वळलो, आणि तिथेच माती खाल्ली.

आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी उत्साही माणूस आहे. वयानं माझ्याहून बराच लहान, मला काका म्हणतो, आणि रिकामा क्षण दिसला की त्यात कार्यक्रम घुसवतो. माझी गन तयार झाल्याचं त्याला कळलं ते नेमकं नवरात्राच्या तोंडावर.

"काका, यंदाची खंडेनवमी तुमच्याकडे! रिअल शस्त्र आहे यार! दरवर्षी आपण स्क्रू ड्रायव्हर आणि लॅपटॉप पुजतो, कंटाळा आला."

खरं सांगतो, मला ते आवडलं. पुण्याच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळी लेथ मशीनं धुऊनपुसून लख्ख केलेली असायची, त्यांना झेंडूचे हार, गंध, समोर पेढे. त्या दिवशी कारखान्यात जो शांतपणा असायचा तो मला अजून आठवतो. ज्या यंत्रानं मला दोन वर्षं छळलं त्याच्यापुढे एक फूल ठेवावं, यात वावगं काय? मी प्रमुख बाईंना विचारलं. हत्यारांचा आदर करायचा दिवस, असं समजावलं. त्या म्हणाल्या, "ठीक. पण गनला कुणी हात लावायचा नाही." मीही तेच सगळ्यांना बजावलं. फुलं स्टँडच्या पायाशी, हळदकुंकू एका पानावर. गनला हात नाही. "हो काका, हो काका," असा एकमुखानं होकार आला.

इथे सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात. त्या शनिवारी पैठण्या आणि झब्बे घातलेली मंडळी हँगरमध्ये उतरली. दोघातिघांनी पंख्याबद्दल विचारलं म्हणून मी त्यांना पुढच्या बाजूला नेलं आणि कॅमचं कौतुक सांगू लागलो. माझं वाक्य काही संपेना. मागे वळून पाहतो तो काय! गनच्या नळीवर हळदीची पाचही बोटं उमटलेली. वरच्या झाकणावर कुंकवाचा मळवट. अक्षता सगळीकडे. आणि नळीच्या टोकाला सेक्रेटरीनं आयसेलिनच्या देशी बाजारातून मुद्दाम आणलेला प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार.

"काका, या या, फोटो!"

मी ओरडायला हवं होतं. पण समोर हळदकुंकू लावलेलं काही दिसलं की माझे हात आपोआप जुळतात, त्याला मी काय करू! फोटोत मी सगळ्यांच्या मधोमध आहे, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि माझ्या कपाळापाशी मशीनगनची नळी.

गाडीत बसायच्या आत तो फोटो ग्रुपवर आला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मंडळाच्या जाहीर पानावर चढला. 'शस्त्रपूजन, व्हर्जिनिया स्टाईल!' पुढे मुठी, झेंडे आणि ज्वाळांच्या इमोजी. त्या पानावरून तो आजूबाजूच्या गावांच्या पानांवर गेला. ज्यांना आमच्या हँगरचा पत्ता कधी माहीत नव्हता त्यांना तो माहीत झाला. संग्रहालयात फोन सुरू झाले. एकानं विचारलं, हा कुठला पंथ? दुसऱ्याला त्यात सामील व्हायचं होतं, आणि त्याच्याकडे स्वतःच्या बंदुका होत्या. प्रमुख बाई म्हणाल्या की त्या दुसऱ्या माणसाशी बोलणं त्यांना जास्त जड गेलं.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कापूस लावलेल्या काड्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "हे पिवळं निघतं ना?"

नाही निघत. हळद काय चीज आहे ते ज्याला घासावी लागते त्यालाच कळतं. कुंकू स्क्रूच्या खाचांत गेलेलं, हळद पितळेच्या पट्टीवरच्या अक्षरांत शिरलेली. मी वाकून वाकून पाठीचा काटा ढिला केला. सगळं पुसून झाल्यावर पंखा फिरवला तर टक् नाही. पुन्हा फिरवला, तरी नाही. दोन तास खोलाखोली केल्यावर हातोड्याच्या खाली काय सापडावं? कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा. या जातीच्या गन कशाकशानं अडकल्या याची मी पुष्कळ वर्णनं वाचली आहेत. थंडीनं गोठलेलं तेल, वाकडं काडतूस, ओला पट्टा. अक्षतेनं अडकलेली ही जगातली पहिलीच असणार. सेक्रेटरीला मी फोनवर हे सांगितलं तर तो म्हणतो, "पण काका, श्रद्धेनं केलं होतं." यावर माणसानं काय करावं? मी फोन ठेवला आणि चिमट्यानं दुसरा दाणा काढला.

त्या महिन्यात आमचा लोकांसाठीचा खुला दिवस असतो. त्या दिवशी मी पंखा फिरवून दाखवायचा असं ठरलं होतं. प्रमुख बाई म्हणाल्या, "यंदा नको." त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसांचा मला त्या दिवसांत फार वीट आला होता.

आणि मग मुलीचा मेसेज आला. तोच फोटो, आणि खाली एक प्रश्नचिन्ह. तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई आमच्या मंडळात आहे. शाळा सुटायच्या वेळी तिनं गेटपाशी फोन पुढे करून कौतुकानं विचारलं होतं, "मिस, हे तुमचेच बाबा ना?" कौतुकानंच. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या आयांनीही तो फोटो पाहिला. त्यांना तो कौतुकाचा वाटला नाही. त्यांतल्या एकीनं म्हणे आपल्या मुलाचा हात धरला.

मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. दोन-तीन दिवसांनी तिनं तिच्या आईला फोन केला आणि विचारलं, ते हँगर नेमकं कुठे आहे, मी शनिवारी जाते. बायकोनं मला निरोप दिला आणि वर सल्लाही दिला, "ती येतेय तर तोंड जरा बंद ठेवा. तुम्ही समजवायला लागलात की समोरचं माणूस पळून जातं."

दोन वर्षं वाट बघितली ती अशी फळाला आली! ती भांडायला का होईना, पण येणार होती. मी सकाळपासून पंखा पुसत बसलो. लाकूड असं चकाकलं की त्यात चेहरा दिसावा.

ती दुपारी आली. बाजूच्या छोट्या दारातून आत शिरली, दार लोटलं, आधी वर पत्र्याकडे बघितलं, मग विमानांकडे, आणि मग माझ्यासमोरच्या त्या नाकाडाकडे. जवळ आली. पितळेच्या पट्टीवर पिवळं राहिलं होतं ते तिनं बरोबर हेरलं.

"बाबा, तू गनला फुलं घातलीस."

"मी नाही घातली. त्या गाढवानं घातली."

"तू हात जोडलेस."

तोंड बंद ठेवायचा सल्ला तिथेच संपला. मी तिला खंडेनवमी सांगितली, आणि सगळी सांगितली. पूजा बंदुकीची नसते, हत्याराची असते, ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या साधनाची असते. सुताराची करवत, शिंप्याची कात्री. पुण्याला लेथवर काम करणारे लोक आदल्या दिवशी मशीन कसं पुसत ते सांगितलं. हार घातला की ते मशीन बंद राहायचं, त्या दिवशी कुणी बटणाला बोटसुद्धा लावायचं नाही, हेही सांगितलं.

"ऑल डे?" तिनं विचारलं.

"हो. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. त्याला सुटी."

"सगळ्यांच्या हत्यारांना?"

"सगळ्यांच्या."

ती गनकडे बघत राहिली. "वन डे वुड बी नाइस," ती म्हणाली.

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि त्यामुळे मी आणखीनच अस्वस्थ झालो. भांडणाला माझ्याकडे उत्तरं तयार होती. मग मी मला जमतं ते केलं. म्हणालो, "आलीच आहेस तर दाखवतो. एक मिनिट लागेल."

"ओके," ती म्हणाली. "दाखव."

तिला मी पंख्याच्या बाजूला उभं केलं, पातंही दिसेल आणि गनही दिसेल अशा जागी. ही जागा मी कितीतरी दिवस आधी हेरून ठेवली होती. मग पातं दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू फिरवायला लागलो. तोंडानं माझं चालूच होतं. आता बघ हं, पातं आलं, आलं, नळीसमोर आहे, काही होत नाही, आता सरकलं, आता...

टक्.

पत्र्याच्या हँगरमध्ये तो आवाज घुमतो. एकटा असताना मला तो फार आवडायचा. मी न थांबता फिरवत राहिलो. दुसरं पातं आलं, गेलं. टक्. तारेवर लक्ष ठेवायचं म्हणून माझी मान वर होती. टक्. एकदाही चुकलं नाही. त्या दाण्यानंतर ते इतकं सुरळीत कधीच चाललं नव्हतं. माझा ऊर भरून आला, आणि तिचा चेहरा बघावा म्हणून मी वळलो, तर ती जागेवर नव्हती.

ती छोट्या दाराच्या भिंतीला, अवजारांच्या कपाटापलीकडच्या कोपऱ्यात उभी होती. पाठ भिंतीला टेकलेली. तिथून पंखा दिसत नाही, गनही दिसत नाही, कपाटाची बाजू तेवढी दिसते. माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं राबलो, आज कुठे ही आली, आणि नेमक्या वेळी जाऊन कपाटाआड उभी!

"अगं, तिकडे काय करतेस? तिथून काय दिसणार?"

तिनं आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग दाराकडे. आपण इथे कशा आलो हे तिलाच कळलं नसावं.

"दारातून दिसत नाही इथलं," ती म्हणाली.

"काय दिसत नाही?"

"मी."

मला कळायला वेळ लागला. ती ओशाळून हसली. म्हणाली, "सॉरी बाबा. हॅबिट आहे. कुठल्याही रूममध्ये गेले की आधी हा कॉर्नर शोधते. मॉलमध्ये पण. तुमच्या घरी पण." तिच्या वर्गातही असा एक कोपरा आहे. ड्रिलची सूचना आली की ती दिवे घालवते, दार लावते आणि सगळ्या मुलांना तिथे भिंतीशी बसवते. कुणी बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही. एक मुलगी घाबरली की गाणं म्हणते, तर तिला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर हळूच हात ठेवावा लागतो. सात वर्षांची मुलं ती. जी जास्त घाबरतात त्यांना सगळ्यात आत, भिंतीला चिकटवून.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी बाहेरच्या साइडला," ती म्हणाली. "दाराकडे."

जेवायला कुठल्या खुर्चीत बसते हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मला भयंकर संताप आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. त्या शाळेवर? या देशावर? गनला हार घालणाऱ्या त्या मूर्खावर? माझी पोर दर थोड्या दिवसांनी, दिवे घालवून, कुणाच्या तरी मुलांपुढे स्वतःला आडवी घालायची तालीम करत होती, आणि मी तिला बंदुकांमधला फरक शिकवत होतो.

ती कोपऱ्यातून बाहेर आली, मी सांगितलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि केस मागे सारून म्हणाली, "ओके. परत कर. आय वॉन्ट टू सी इट. एवढ्या लांब आलेय मी."

पातं माझ्या हातात होतं. थोडं जरी पुढे ढकललं असतं तरी आवाज झाला असता. मी ते उलट्या बाजूला, सावकाश, आवाज होणार नाही अशा बेतानं फिरवलं आणि सोडून दिलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. एवढंच असतं ते."

"नाइस वर्क, बाबा," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

मी हात पुसले, दिवे बंद केले आणि आम्ही दाराकडे निघालो. चालता चालता ती सवयीनं माझ्या एक पाऊल पुढे झाली. मी तिचा दंड धरून तिला मागे घेतलं आणि बाहेरच्या बाजूला मी झालो.